तान्ह्या बाळाला शेळीचे दूध : दोन शोधांची कथा

आईला दूध पुरत नाही, बाळ रडते आहे, आता वरचे दूध सुरू करावे लागणार, असे घरात ठरले की लगेच पुढचा प्रश्न येतो : कोणते? म्हशीचे जड, गाईचे त्यापेक्षा बरे, आणि 'शेळीचे मिळाले तर फारच उत्तम. ते हलके असते, आईच्या दुधासारखे असते' असे कोणीतरी वडीलधारे माणूस हमखास सांगते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या दारात उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी बांधलेली असते आणि घरात पाळण्यातले भावंडही असते. तेव्हा हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही.

शेळीचे दूध बाळाला चालते की नाही, याचे उत्तर विज्ञानाला एका दिवसात मिळाले नाही. त्यासाठी दोन वेगवेगळे शोध लागावे लागले. पहिला भूमध्य समुद्रातल्या माल्टा या छोट्या बेटावर लागला. दुसऱ्याचा महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईत, परळच्या एका प्रयोगशाळेत सापडला. दुधात काय असू शकते, हे पहिल्या शोधाने दाखवले. दुधात काय नसते, हे दुसऱ्याने. यातली पहिली गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक असते, दुसरी मात्र अजूनही फारशी कोणाला माहीत नसते. म्हणून दोन्ही क्रमाने पाहू.

समजूत कोठून आली?

ही समजूत जुनी आहे आणि ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आईचे किंवा दाईचे दूध मिळत नसेल तर बाळाला शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे, असे सांगितले आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या मोंतेन या निबंधकाराने आपल्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका दूध न आल्यास मुलांना पाजायला शेळ्यांची मदत घेतात, अशी नोंद केली आहे. १८१६ साली त्स्वीरलाइन या जर्मन डॉक्टरने तर शेळी ही सर्वांत चांगली आणि सर्वांत स्वस्त दाई आहे, असे सांगणारे पुस्तकच लिहिले. युरोपातल्या काही अनाथाश्रमांत मुलांना थेट शेळीच्या आचळाला लावत असत.

यामागे एक कारण होते. त्या काळी वरचे दूध पाजायची भांडी नीट धुता येत नसत. दुधात पाणी आणि इतर भेसळ चाले. दूध तासन् तास तसेच राहून नासे. अशा दुधावरची मुले मोठ्या संख्येने दगावत. त्या मानाने आचळातून सरळ तोंडात जाणारे दूध बरेच स्वच्छ असे. म्हणजे शेळीच्या दुधावर मुले जगतात हे निरीक्षण खोटे नव्हते. पण तुलना नासलेल्या दुधाशी किंवा उपासमारीशी होती, आईच्या दुधाशी नव्हती.

'हलके' या शब्दातही थोडे तथ्य आहे. शेळीच्या दुधातले स्निग्धाचे कण गाईच्या दुधातल्या कणांपेक्षा सरासरीने लहान असतात आणि पोटात त्याचे दही मऊ बनते. मात्र पचायला सोपे असणे आणि वाढीला पुरेसे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

माल्टाच्या शेळ्या

एकोणिसाव्या शतकात माल्टा हा ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ होता. तेथे एका विचित्र तापाने सैनिक हैराण झाले होते. ताप आठवडेच्या आठवडे लाटेसारखा चढे-उतरे. सांधे दुखत, रात्री घामाने अंथरूण भिजे, माणूस महिनोन् महिने निकामी होई आणि काही जण मरतही. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जीवाणू वेगळा केला. जीवाणू सापडला, पण तो शरीरात शिरतो कोठून हे कळेना. हवा, पाणी, सांडपाणी, डास अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

१९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या देखरेखीखाली या तापाच्या अभ्यासासाठी एक मंडळ नेमले गेले. थेमिस्टोक्लेस झामित हे माल्टाचेच डॉक्टर त्यात होते. १९०५ साली त्यांनी प्रयोगासाठी काही शेळ्या घेतल्या. जीवाणू टोचण्याआधीच त्यांनी रक्त तपासले, तर त्यांतल्या बहुतेक शेळ्यांच्या रक्तात या जीवाणूविरुद्धची प्रतिक्रिया आधीच दिसत होती! म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता किंवा अजून होता. पुढे बेटावरच्या शेळ्यांची व्यापक तपासणी झाली. जवळजवळ निम्म्या शेळ्यांत संसर्गाच्या खुणा सापडल्या आणि सुमारे दहांतल्या एका शेळीच्या दुधात जिवंत जीवाणू आढळले.

या शेळ्या धडधाकट दिसत होत्या. चरत होत्या, भरपूर दूध देत होत्या. माल्टाच्या राजधानीत गवळी शेळ्यांचा कळप घेऊन रस्त्यारस्त्यांतून फिरत आणि गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. दुधात पाणी नाही याची खात्री पटे. आपल्याकडे ज्याला कौतुकाने 'धारोष्ण' म्हणतात तेच हे दूध! आणि ते ताजे, डोळ्यांसमोर काढलेले म्हणून उकळण्याची गरज कोणाला वाटत नसे. साध्या शिपायांपेक्षा अधिकाऱ्यांना हा ताप जास्त येई, कारण त्यांना दूध अधिक मिळे.

१९०६ मध्ये लष्कराने सैनिकांचे शेळीचे दूध बंद करून डब्यातले दूध सुरू केले. ताप झपाट्याने ओसरला आणि एक-दोन वर्षांतच छावणीतून जवळजवळ नाहीसा झाला. बेटावरच्या सामान्य नागरिकांना मात्र तो पुढे कित्येक वर्षे छळत राहिला. शेळ्या हीच तिथल्या गवळ्यांची उपजीविका होती आणि निरोगी दिसणारी शेळी आजार देते हे त्यांना पटत नव्हते. ब्रूसच्या नावावरून या रोगाला आज 'ब्रुसेलोसिस' म्हणतात. तो भारतातही आहे, शेळ्या-मेंढ्यांत आहे आणि गाई-म्हशींतही आहे.

या शोधातून मिळालेला धडा सरळ होता : दूध उकळा, किंवा पाश्चरीकरण करा. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवले तरी हा जीवाणू मरतो. घरी एक चांगली उकळी आणली की काम होते. हे माहीत असूनही डेंग्यूच्या साथीत 'शेळीच्या कच्च्या दुधाने प्लेटलेट वाढतात' अशी वदंता पसरते आणि लोक चढ्या भावाने कच्चे दूध घेऊन आजाऱ्याला पाजतात. प्लेटलेट वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. संसर्गाचा धोका मात्र खरा आहे.

उकळूनही न गेलेला आजार

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर जर्मनीत अन्नाची मोठी टंचाई होती. गाईचे दूध मिळेना. खाणकामगार आणि इतर गरीब कुटुंबे परसात शेळी पाळत. तिला 'खाणकामगाराची गाय' असेच म्हणत. अनेक बाळे शेळीच्या दुधावर वाढू लागली. दूध उकळून दिलेले असे, भांडी स्वच्छ असत. तरीही काही महिन्यांनी यांतली काही बाळे पांढरीफटक पडू लागली. वजन वाढेना, बाळ किरकिर करी किंवा मलूल पडून राही. रक्त तपासले तर तांबड्या पेशी फार कमी. जर्मन डॉक्टरांनी या आजाराला सरळ 'शेळीच्या दुधाचा पांडुरोग' असेच नाव दिले. हॉलंड, इटली या देशांतही अशी बाळे आढळली.

जंतूंचा शोध लागून फार वर्षे झाली नव्हती. आजार आहे म्हणजे शरीरात काहीतरी वाईट शिरले असणार, अशी विचार करण्याची सवय पक्की झाली होती. त्यामुळे शेळीच्या दुधाच्या स्निग्धांशातच काही विषारी द्रव्य असावे, अशी शंका काहींनी घेतली. दुसऱ्यांनी लोहाची कमतरता धरून लोह दिले. पण या पांडुरोगाचे मूळ लोहाने जाईना. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली चित्र वेगळे होते. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बाळांच्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. प्राण्यांचे यकृत किंवा यीस्ट दिले की बाळ सुधारे. म्हणजे दुधात काही वाईट होते असे नव्हे, तर काहीतरी चांगले कमी पडत होते. ते काय, हे मात्र कोणाला सांगता येईना.

परळची प्रयोगशाळा

आता आपण मुंबईला येऊ. येथे शेळीच्या दुधाचा संबंध नव्हता. आजार बाळांचा नव्हे, त्यांच्या आयांचा होता. कापडगिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब घरांतल्या अनेक स्त्रिया गरोदरपणी पांडुरोगाने खंगत आणि बाळंतपणात मरत. या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी १९२८ साली ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. तिने वैद्यकाआधी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेले होते.

या स्त्रियांच्या रक्तातही पेशी कमी आणि मोठ्या होत्या. विल्सने आधी जंतू शोधले. खात्रीलायक काही सापडले नाही. मग ती त्यांच्या आहाराकडे वळली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि प्रथिने फारच कमी, त्यांनाच आजार अधिक होता. तिने उंदरांना तसाच आहार देऊन पाहिले. उंदीर आजारी पडले, पण त्यांच्या पांडुरोगात उवांमार्फत पसरणाऱ्या एका जीवाणूचाही हात आहे, हे नंतर लक्षात आले. तेव्हा तिने माकडांवर प्रयोग केले. प्रयोगात दुसरेच कारण नकळत कसे मिसळते आणि ते ओळखून प्रयोग पुन्हा कसा मांडावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. वरच्या वर्गांत ते जरूर सांगावे.

यकृताने पांडुरोगाचा एक प्रकार बरा होतो हे १९२६ पासून माहीत होते. पण यकृत महाग, आणि शाकाहारी स्त्रिया ते घेणार नाहीत. म्हणून विल्सने 'मार्माइट' वापरून पाहिले. मार्माइट म्हणजे दारूच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून काढलेला, काळपट, खारट अर्क. ब्रिटिश लोक तो पावाला लावून खातात. तो स्वस्त होता. त्याचा परिणाम थक्क करणारा निघाला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागत, स्त्रियांना भूक लागे आणि त्या बऱ्या होत. १९३१ साली तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला लोक 'विल्स घटक' म्हणू लागले.

हे द्रव्य पालेभाज्यांतही असते. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी चार टन पालकापासून ते अगदी थोडे मिळवले आणि लॅटिनमधल्या 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'फॉलिक आम्ल' असे नाव दिले. लेडर्ली प्रयोगशाळेत, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने १९४५ च्या सुमारास ते कृत्रिम रीत्या तयार केले. १९४६ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट येथे त्स्युल्झर आणि ऑग्डेन या डॉक्टरांनी मोठ्या पेशींच्या पांडुरोगाची तान्ही बाळे फॉलिक आम्लाने बरी केली. १९६६ साली न्यूझीलंडमध्ये शेळीच्या दुधावर वाढलेल्या अशाच बाळांची नोंद झाली आणि तिथल्या दुधांतले फॉलिक आम्लही मोजले गेले. कोडे सुटले : गिरणगावातली आई आणि जर्मनीतले बाळ यांच्यात उणीव एकाच पदार्थाची होती.

या उणिवेने पेशी मोठ्या का होतात? पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते नसले की पेशी वाढत राहते, पण वेळेवर दुभागत नाही. अस्थिमज्जेत पेशी सतत विभागत असतात, म्हणून तेथे त्रास आधी दिसतो. आणि बाळ म्हणजे तर सारी वाढच.

हिशेब करून पाहू

हा हिशेब वर्गात फळ्यावर करता येईल. शेळीच्या एक लिटर दुधात साधारण १० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. आईच्या एक लिटर दुधात, मोजण्याच्या पद्धतीनुसार, ५० ते ८५ मायक्रोग्रॅम. पहिल्या सहा महिन्यांतल्या बाळाची रोजची गरज सुमारे ६५ मायक्रोग्रॅम धरतात. बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध पिते असे धरले तर शेळीच्या दुधातून त्याला किती मिळेल? जेमतेम साडेसात. गरज पुरी करायला त्याला रोज साडेसहा लिटर दूध प्यावे लागेल! त्यातही उकळताना आहे त्यातले थोडे नष्ट होते. मग उकळू नये का? तर नाही. उकळणे टाळले तर जंतूंचा धोका येतो आणि उणीव तरी भरून निघतच नाही.

दुसरी बाजू जास्तीची आहे. १०० ग्रॅम आईच्या दुधात सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात, शेळीच्या दुधात साडेतीन. सोडियम आईच्या दुधात सुमारे १७ मिलिग्रॅम, शेळीच्या दुधात ५०. हे जास्तीचे सारे बाहेर टाकायचे काम बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर पडते. दुधात पाणी घातले तर क्षार कमी होतात, पण उष्मांकही कमी होतात. फॉलिक आम्ल तर आणखी पातळ होते.

यात शेळीचा काही दोष नाही. तिचे दूध करडासाठी आहे. करडाचे वजन तीन-चार आठवड्यांत दुप्पट होते, आपल्या बाळाला त्यासाठी पाचएक महिने लागतात. करडू थोड्याच आठवड्यांत पाला कुरतडू लागते आणि पुढे त्याच्या पोटातले जीवाणूच त्याला हे जीवनसत्त्व बनवून देतात. बाळाला ही सोय नाही.

एखादा विद्यार्थी विचारील, मग गांधीजी शेळीचे दूध पीत, त्यांना काही झाले नाही ते कसे? १९१९ च्या सुरुवातीला, आजारपणात, कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी ते सुरू केले. प्रश्न चांगला आहे आणि उत्तरही त्यातच आहे. गांधीजी दुधाबरोबर भाज्या आणि फळे खात. तान्ह्या बाळाचे सारे जेवण म्हणजे तेवढे एकच दूध.

मग द्यायचे केव्हा आणि कसे?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध; शेळीचेही नाही, गाईचेही नाही आणि पाणीही नाही. दूध पुरत नाही असे वाटले तर आधी डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला दाखवावे. पाजण्याची पद्धत सुधारली की बहुतेक वेळा दूध पुरते. आईचे दूध मिळणे खरोखरच अशक्य असेल तर मानवी दूधपेढ्या आहेत. देशातली पहिली १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. तेही शक्य नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळासाठी खास बनवलेली पावडर. शेळीच्या दुधापासूनही अशी पावडर बनते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तिला मान्यता दिली, कारण तिच्यात फॉलिक आम्ल, लोह वगैरे मोजून घातलेले असते. दारातल्या शेळीचे दूध म्हणजे ती पावडर नव्हे.

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू होते : मऊ भात, मूग किंवा मसुराचे वरण, शिजवून कुस्करलेली पालेभाजी. डाळी आणि पालेभाज्यांत फॉलिक आम्ल भरपूर असते. खिरीत किंवा पेजेत थोडे उकळलेले दूध चालेल. आईचे दूध मुळीच न मिळणाऱ्या सहा महिन्यांपुढच्या बाळांना प्राण्यांचे दूध देता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पण ते शेळीचे असेल तर फॉलिक आम्ल आणि लोह अन्नातून किंवा औषधातून मिळते आहे ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यायलाच हवे.

एक वर्षानंतर मूल घरातले सगळे जेवण जेवू लागले की शेळीचे दूध उकळून, वाटीने किंवा पेल्याने खुशाल द्यावे. सुरुवात थोड्याने करावी. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, नाहीतर दुधानेच पोट भरते आणि जेवण मागे पडते.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला 'मग शेळीचे देऊन पाहू' असे घरच्या घरी करू नये. दोन्ही दुधांतली प्रथिने खूप सारखी असतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या २६ मुलांपैकी २४ मुलांना शेळीच्या दुधाचाही त्रास झाला.

शाळेत दर आठवड्याला आपण मुलामुलींना जी निळी गोळी देतो, तिच्यात लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते. गोळी वाटताना परळच्या त्या प्रयोगशाळेची गोष्ट सांगायला दोन मिनिटे पुरतील. शेळीच्या दुधाची गोष्टही तेव्हाच सांगावी. ज्या मुलीच्या दारात शेळी आहे आणि घरात तान्हा भाऊ आहे, ती ही गोष्ट घरी नेईल. दूध उकळायचे हे तिच्या आजीला माहीतच आहे. उकळूनही जी उणीव जात नाही ती आजीला सांगणारे माणूस कदाचित आपली ती विद्यार्थिनीच असेल.